हिरव्या पाण्यातला लाल

मालवणच्या बाजारात टोपलीत लालसर झळकणारी तांबोशी पाण्याखाली राखाडी दिसते. अंगचा रंग तोच असतो, पण तिच्यापर्यंत लाल उजेडच पोचत नाही. पाणी आधी लाल गिळतं, मग नारिंगी, मग पिवळा. पाच-सहा मीटरवर लाल जवळजवळ संपतो. पाण्याखाली फोटो काढणारे नवशिके फक्त खोली मोजतात. पण माशापासून लेन्सपर्यंतच्या आडव्या वाटेवरही पाणी आपला हिस्सा घेतंच. तीन मीटर खोलीवरचा मासा तीन मीटर लांबून टिपला, तर हिशेब सहा मीटरचा. म्हणून रंग हवा तर आधी जवळ जायचं. मी वाइड अँगल लेन्स लावतो ती त्यासाठीच; हातभर अंतरावरूनही अख्खा खडक चौकटीत मावतो.

गेलेला लाल परत आणायचा तर उजेड सोबत न्यावा लागतो. 1926 मध्ये फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास इथे विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी समुद्राखालची पहिली रंगीत छायाचित्रं काढली, तेव्हा वर तराफ्यावर चक्क मॅग्नेशियमची पूड पेटवली होती. आपल्याला स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, पुरतो. पण मालवणच्या पाण्यात प्लवक आणि गाळ दोन्ही असतात. स्ट्रोब सरळ रोखला की प्रत्येक कण उजळतो आणि फोटोवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. म्हणून दोन्ही स्ट्रोब कॅमेऱ्यापासून लांब, तोंडं किंचित बाहेर वळवलेली. झोताची नुसती कड माशाला लागली तरी भागतं.

स्ट्रोब नसेल तर पांढरी पाटी धरून व्हाइट बॅलन्स करायचा, आणि खोली बदलली की पुन्हा. लाल फिल्टर अंदमानच्या निळ्या पाण्यासाठी ठीक. आपल्या हिरव्या पाण्याला मॅजेंटा लागतो. फिल्टर रंग घालत नाही, बाकीचे अडवतो. त्यामुळे खोलवर, जिथे लाल उरलेलाच नाही, तिथे तो फक्त अंधार वाढवतो.

रॉ फाइलमध्ये पुढे बरंच सावरता येतं, पण टिपलाच न गेलेला लाल ताणला की हाती नुसते रंगीत दाणे येतात. मागचं पाणी मी हिरवंच ठेवतो. पर्यटकांना मात्र फोटोत अंदमानची निळाई हवी असते. तीही करता येते म्हणा, पण स्लाइडर जास्त ओढला की पाण्याआधी त्यांचेच चेहरे जांभळे पडतात.