गब्बरची टोळी सायकलवर

यात्रा उठली की सारंगखेडा पार ओकंबोकं होतं. दत्तजयंतीच्या घोडेबाजारात टीव्ही लावायचं कुणाच्या मनातही येत नाही; पाहायचं राहिलेलं सगळं मी नंतरच्या निवांत संध्याकाळी काढतो. यंदा मालेगाववरचे दोन सिनेमे पाहिले, लागोपाठ. फैझा अहमद खान यांचा २००८ चा माहितीपट ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ आणि रीमा कागतींचा २०२५ मध्ये आलेला ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’.

सोबतीला काका. त्यांची उभी हयात घोड्यांत गेली. ‘शोले’ त्यांनी कधीकाळी पाहिला तोही जनावरांसाठीच. पडद्यावरचा घोडा मारवाडी की काठेवाडी, यावर आजही वाद घालतात. मालेगावच्याच नासिर शेखने काढलेल्या ‘मालेगाव के शोले’त गब्बरची माणसं सायकलींवर येतात, हे मी त्यांना सांगितलं.

‘‘आन् घोडा कोठे शेतस रे?’’

पैसे नव्हते, म्हटलं. काका जरा विचारात पडले. मग म्हणाले, सायकलीला चंदी-चारा लागत नाही, पोराचं बरोबर आहे.

माझं मत विचाराल तर माहितीपट कितीतरी सरस. जेमतेम तासाभराचा, पण त्यातला एकही माणूस कीव मागत नाही. यंत्रमागावर राबणारा शफिक हा मालेगावच्या या पोरांच्या सिनेमातला सुपरमॅन. इतका हडकुळा, की छातीवरचं चिन्हच त्याच्यापेक्षा भारी वाटावं. त्याला उडवायचं म्हणजे हिरवं कापड ताणून त्यापुढे आडवा धरायचा, वाऱ्यावर झूल फडफडली पाहिजे. क्रेन नाही तर बैलगाडी आहेच! चित्रीकरण चालू असताना शफिकचं लग्नही उरकतं. आम्ही पोट धरून हसलो, पण त्या पोरांना हसलो नाही. हे साधणं सोपं नाही.

‘सुपरबॉईज’ही वाईट नाही. विनीत कुमार सिंहचा लेखक फरोग मला नायकापेक्षा जास्त आवडला. लिहिणाऱ्याला आधी मान हवा असतो, पैसे मागाहून, हे त्याच्या नुसत्या उभं राहण्यातून कळतं. तृप्ती झालेली मंजिरी पुपाला झकास. मालेगावात बायका सिनेमात काम करायला तयार होत नसत, नट्या बाहेरून आणाव्या लागत; माहितीपटात ही गोष्ट येऊन जाते, इथे त्या बाईला बोलायला जागा मिळाली. उत्तरार्धात मात्र शफिकचं आजारपण पुढे आलं आणि पार्श्वसंगीत आम्हाला रडवायला कंबर कसून बसलं. खरा शफिकही पुढे कर्करोगानेच गेला, तेव्हा खोटं काही नाही. तरी मला ते लोटून रडवल्यासारखं वाटलं. काकांनी मात्र उपरण्याने डोळे टिपले आणि ‘‘हाच चांगला’’ असा निकाल देऊन टाकला.

आमचं अजून जुळलेलं नाही. आता त्यांना ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ दाखवणार आहे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या तंबू टॉकीजवर केलेला, २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवलेला माहितीपट. त्यात प्रोजेक्टर दुरुस्त करणारे एक म्हातारबाबा आहेत. घोडा नसला तरी ते काकांना नक्की आवडतील, कारण यंत्राला हात लावायच्या आधी ते त्याच्याकडे बघतात तसंच काका बाजारात जनावराकडे बघतात.