तयार नसण्याचा हक्क

'शिल्लक शून्य' आणि 'शिल्लक किती ते अजून माहीत नाही' ही दोन उत्तरं वेगळी आहेत. शाळकरी मुलालाही हे कळतं. सॉफ्टवेअरला मात्र मुद्दाम शिकवावं लागतं, आणि माझी बरीचशी नोकरी त्या शिकवणीत जाते.

मी ओएसजीआयवर काम करतो. १९९९ साली घरगुती गेटवे उपकरणं डोळ्यांसमोर ठेवून सुरू झालेलं हे जावातलं तंत्र. पुढे २००४ साली एक्लिप्स ३.० त्यावर उभं राहिलं. कल्पना सुंदर आहे: प्रोग्रॅम चालू असतानाच त्याचे तुकडे घाला, काढा, बदला. प्रत्येक घटक आपली सेवा एका सामाईक रजिस्ट्रीत नोंदवतो. ज्याला हवी तो तिथून घेतो.

अडचण येते ती सावकाश जागं होणाऱ्या घटकांची. समजा, एका घटकाला दूरच्या डेटाबेसमधून गोदामाचा सगळा साठा आणायचाय आणि त्याला पाऊण मिनिट लागतं. हे काम 'अ‍ॅक्टिव्हेट' मेथडमध्येच केलं, तर हाक मारणारा थ्रेड तिथेच अडकतो आणि त्याच्या मागची रांगही. म्हणून काम वेगळ्या थ्रेडवर टाकतात. अ‍ॅक्टिव्हेट लगेच परतते. पण ती परतली, म्हणजे घटक तयार झाला, असं बाकीचे धरून चालतात. आत तक्ता अजून रिकामाच असतो.

एका जुन्या प्रकल्पात मी हे पाहिलंय. दर रीस्टार्टनंतर पहिल्या मिनिटातल्या ऑर्डरी 'साठा नाही' म्हणून परत जायच्या. लॉगमध्ये एकही एरर नाही. शिव्या खायची ती काउंटरवरची मुलगी.

यावर दोन उपाय हमखास सुचवले जातात. एक, साठ मिनिटांचं नाही तर साठ सेकंदांचं 'स्लीप' टाका. हा निव्वळ अंदाज. दोन, 'तयार आहेस का?' असं विचारणारी मेथड द्या. मग प्रत्येकानं ती आठवणीनं विचारायला हवी, आणि कुणीतरी विसरतोच.

मला पटलेला उपाय असा: घटकाचे दोन भाग करा. पहिला फक्त डेटा आणतो, कुठलीही सेवा जाहीर करत नाही. डेटा पूर्ण आला की मगच तो साठ्याची सेवा रजिस्ट्रीत नोंदवतो. ऑर्डर घेणारा घटक त्या सेवेवरचं अवलंबित्व 'अनिवार्य' म्हणून लिहितो. सेवा नाही, तोवर तो सुरूच होत नाही. स्क्रीनसारख्या घटकाला ती 'ऐच्छिक' ठेवता येते. सेवा येईपर्यंत तो 'साठा लोड होतोय' दाखवेल.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. डेटा येत असतानाच कुणी तो घटक बंद केला, तर चालू काम थांबवायचं, आणि नोंदणीच्या क्षणी 'मी अजून हवा आहे ना?' हे लॉक घेऊन तपासायचं. नाहीतर बंद झालेल्या घटकाची सेवा रजिस्ट्रीत येऊन बसते.

अशी रचना दाखवली की मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, "सिस्टीम उशिरा सुरू होतेय असं दिसेल." दिसू दे. ते पाऊण मिनिट आधीही लागतच होतं. फक्त त्याची किंमत दुसरंच कुणीतरी मोजत होतं.