आमचा मोती

सातपूरला त्र्यंबक रस्त्याजवळच आमचे घर आहे. पूर्वी कारखान्यातील पाळी संपवून बाबा परतत, तेव्हा सायकलच्या घंटेचा नाद कानी पडताच आमचा मोती फाटकाकडे धाव घेई. मी शाळेतून येईपर्यंत तो उंबरठा सोडीत नसे.

आता मोती चौदा वर्षांचा झाला आहे. कुत्र्याचे हे वार्धक्यच. त्याच्या डोळ्यांवर निळसर झाक आली आहे. ऐकूही येत नाही.

गेल्या पावसाळ्यात एके सायंकाळी मी त्याला नंदिनी नदीच्या बाजूस फिरावयास नेले. त्याची मंद चाल पाहून मी चिडलो आणि त्याला मागे टाकून एकटाच पुढे गेलो. वळणावरून पाहतो, तो मोती दिसेना! हाका मारून काय उपयोग? मी धावतच मागे फिरलो. मोती सोडला तेथेच उभा होता. वारा माझ्याकडून त्याच्याकडे वाहत होता. मी जवळ पोहोचण्यापूर्वीच त्याने नाक वर केले आणि त्याची शेपटी हलू लागली. डोळे व कान थकले होते. पण नाकाने मला ओळखले होते.

मी खजील झालो. सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचे युधिष्ठिराने नाकारले, ही महाभारतातील कथा आजीने मला कितीदा तरी सांगितली होती. तिचा अर्थ त्या दिवशी उमगला.

आता मी मोतीच्या पावलांनी चालतो. घरी परतावयास उशीर होतो खरा. पण इतकी वर्षे त्याने आमची वाट पाहिली. आता पाळी आमची आहे.