संदर्भ हवा

विकिपीडियावर लिहायला पदवी लागत नाही, ओळख लागत नाही, कुणा संपादकाची मर्जी सांभाळावी लागत नाही. पानाच्या डोक्यावर ‘संपादन’ असं लिहिलेलं असतं. ते दाबलं की लेख आपल्या हाती येतो. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी 15 जानेवारी 2001 रोजी हा ज्ञानकोश सुरू केला, आणि 1 मे 2003 रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडियाचा जन्म झाला. इतकं मोकळं काम म्हटल्यावर नियम फारसे नसतील, असं नव्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात नियम पुष्कळ आहेत, आणि ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. मी बरीच वर्षं फावल्या वेळात हे काम करते आहे. लेखनाचे धडे मला इतरत्रही मिळाले असते. पण आपल्याला नक्की काय माहीत आहे आणि काय नुसतं वाटतं, यातला फरक मला या नियमांनी शिकवला.

नव्या सदस्यासाठी इथे ‘धूळपाटी’ असते. तिच्यावर हवं ते गिरवून हात बसवावा. शंका ‘चावडी’वर विचाराव्यात. कंटाळवाणी, एकसारखी कामं ‘सांगकामे’ म्हणजे संगणकीय आज्ञावल्या करतात. पण खरी शाळा भरते ती लेखाच्या ‘इतिहास’ या पानावर. कुणी, कधी, कुठला शब्द बदलला हे सगळं तिथे टिकून राहतं. जुनी आवृत्ती डावीकडे, नवी उजवीकडे आणि बदललेले शब्द रंगवलेले. जाणत्या संपादकाने काय काढलं आणि काय ठेवलं, हे ओळीओळीने बघत गेलं की धोरणांची लांबलचक पानं आपोआप समजू लागतात.

गावांवरच्या लेखांत हमखास भेटणारं एक वाक्य घ्या : ‘हे गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले असून येथील लोक कष्टाळू व प्रेमळ आहेत.’ जाणता संपादक हे वाक्य काढतो. त्याच्या जागी गावाचा तालुका, नदीचं नाव, 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या आणि तळटिपेत संदर्भ देतो. बदलाच्या सारांशात दोनच शब्द लिहितो : ‘संदर्भ नाही.’ त्या गावच्या माणसाला याचं वाईट वाटतं, आणि ते स्वाभाविक आहे. पण तेच वाक्य उचलून शेजारच्या गावाच्या लेखात ठेवलं तर तिथेही ते चपखल बसेल, आणि कोकणातून उचलून विदर्भात नेलं तरी बसेल. जे वाक्य कुठेही बसतं, ते कुणाबद्दलच काही सांगत नाही. ही कसोटी मी विकिपीडियावर शिकले आणि आता प्रत्येक लिखाणाला लावते.

माणसांवरच्या लेखांत ही कसोटी आणखी कडक होते. आपल्याकडे चरित्र लिहायचं म्हणजे ‘थोर’, ‘झुंजार’, ‘अष्टपैलू’ ही विशेषणं लेखणीतून आपसूक उतरतात. आता जोतीराव फुल्यांवर लिहिताना ही सगळी बाजूला ठेवून पाहा. 1848 साली त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या, 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन झाला. एवढं सालवार लिहिलं की वाचक स्वतःच ‘थोर’ म्हणतो. ते आपण त्याच्या तोंडी घालायची गरज उरत नाही. विशेषणं काढल्यावर लेखात काहीच शिल्लक राहत नसेल, तर त्या लेखाला अजून अभ्यासाची गरज आहे, असं खुशाल समजावं.

तटस्थतेचा नियम सर्वांत जास्त चुकीचा समजला जातो. दोन बाजू असल्या की दोन्हींना निम्मी निम्मी जागा द्यायची, अशी समजूत असते. शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचं उदाहरण पाहा. बखरींच्या आधारे शके 1549 ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे 6 एप्रिल 1627, ही तारीख पुष्कळ काळ धरली जात होती. लोकमान्य टिळकांनी 1916 साली जेधे शकावली ही घटनांची सालवार नोंद प्रसिद्ध केली. तिच्यात शके 1551 ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630, ही नोंद आहे, आणि परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी येते. 2001 साली महाराष्ट्र शासनाने 1630 ची तारीख स्वीकारली. लेखात यावं ते हे सगळं : कोण काय म्हणतं, कशाच्या आधारावर म्हणतं, तो आधार कुठल्या काळातला आहे. महाराजांच्या काळात रचलेल्या ‘शिवभारता’सारख्या ग्रंथाला आणि फार नंतर लिहिलेल्या बखरीला सारखंच वजन देणं म्हणजे तटस्थता नव्हे. पुराव्याचं जितकं वजन, तितकी लेखात जागा. निवाडा मात्र संपादकाने आपल्या तोंडाने द्यायचा नाही. इतक्या जिव्हाळ्याच्या विषयातही आपला आवाज बाजूला ठेवता येतो, हे कळलं की बाकीचे विषय सोपे होतात.

सगळ्यांत मोठी परीक्षा असते ती पडताळणीच्या नियमाची. एका जुन्या सत्याग्रहावरच्या लेखात एका निवृत्त गुरुजींनी बराच मजकूर घातला होता. माहिती मोलाची होती, पण आधार कुठलाच दिलेला नव्हता. मी तिथे ‘संदर्भ हवा’ हा साचा, म्हणजे वाक्यापुढे दिसणारी तयार सूचना, लावला. गुरुजींनी लेखाच्या चर्चा पानावर विचारलं, “ताई, मी स्वतः तिथे होतो. मी खोटं सांगेन का?” मी लिहिलं, “गुरुजी, तुमच्यावर अविश्वास मुळीच नाही. पण इथे कोण कोणत्या नावाने लिहितं हे कुणालाच ठाऊक नसतं. उद्या दुसऱ्या कुणी ‘मीही तिथे होतो’ असं म्हणून नेमकं उलट लिहिलं, तर वाचकाने कुणाचं खरं मानायचं?”

हा पेच जगप्रसिद्ध लेखकांनाही पडला आहे. अमेरिकी कादंबरीकार फिलिप रॉथ यांना आपल्या ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीवरच्या इंग्रजी विकिपीडियाच्या लेखात दुरुस्ती हवी होती. नायक कुणावरून सुचला याबद्दलचा तिथला मजकूर त्यांना मान्य नव्हता. लेखक स्वतः सांगतो आहे एवढं पुरेसं नाही, अन्यत्र छापलेला आधार लागेल, असं उत्तर त्यांना मिळालं. सप्टेंबर 2012 मध्ये रॉथ यांनी ‘द न्यूयॉर्कर’तर्फे विकिपीडियाला उद्देशून एक खुलं पत्र प्रसिद्ध केलं. या प्रसंगाचा पुष्कळांना राग आला. मला त्यातली पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. पत्र प्रसिद्ध होताच रॉथ यांचं म्हणणं कुणालाही उघडून तपासता येईल असं झालं, आणि त्याचा हवाला देता येऊ लागला. त्यांच्या मनातलं सत्य आधीही तेच होतं. आता ते दाखवता येत होतं.

गुरुजींनीही तेच केलं. आपल्या आठवणी सविस्तर लिहून त्यांनी एका दिवाळी अंकाकडे पाठवल्या आणि त्या छापून आल्या. आज त्या लेखात ‘यांच्या आठवणीनुसार’ असं म्हणून त्यांचा मजकूर आहे आणि तळटिपेत अंकाचं नाव, वर्ष आणि पृष्ठ आहे.

दखलपात्रतेचा नियम याच्याच पुढचा. एखाद्या व्यक्तीवर स्वतंत्र लेख हवा, तर इतरांनी तिच्याबद्दल पुरेसं लिहिलेलं असावं लागतं. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या लेखाचा मसुदा मे 2018 मध्ये इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला. त्याला जोडलेले संदर्भ अपुरे ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. ज्या संशोधनासाठी ते मिळालं, ते 1985 सालीच प्रसिद्ध झालं होतं. म्हणजे काम होतं, पण ते करणाऱ्या बाईंबद्दल कुणी फारसं लिहिलं नव्हतं. हा नियम त्यामुळे टाकाऊ ठरतो असं मला वाटत नाही. तो काढला तर प्रत्येक जण आपल्या काकांवर आणि आपल्या दुकानावर लेख लिहील. पण छापील जगाने ज्यांच्याकडे पाहिलंच नाही, त्या बायका, भटके-विमुक्त, आदिवासी, तमाशा कलावंत ज्ञानकोशातही दिसत नाहीत, ही उणीव नियम आपल्यापुढे स्पष्ट मांडतो. ती भरून काढायचं काम मात्र विकिपीडियाच्या बाहेर, मासिकांत, विद्यापीठांत आणि गावोगावच्या इतिहास मंडळांत व्हायला हवं.

स्वामित्वहक्काच्या नियमाबाबत कुणाचीही भीड ठेवू नये. विकिपीडियावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतो; श्रेय देऊन तो कुणीही वापरावा, हवं तर विकावाही. त्यामुळे दुसऱ्याच्या पुस्तकातले परिच्छेद इथे आणून टाकणं म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. श्रीधर व्यंकटेश केतकर 1937 साली गेले. त्यांचं लेखन आज निःसंकोच वापरता येतं. केतकरांनी भागभांडवल उभं करून, माणसं जमवून 23 खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ सिद्ध केला. त्या ग्रंथावर वाचकाने विश्वास ठेवला तो केतकरांच्या नावावर. आमच्या लेखांखाली असं नाव नसतं. म्हणून तळटीप भक्कम लागते.

आणि अखेरीस माणसांशी वागण्याचे नियम. समोरच्याचा हेतू चांगलाच आहे असं धरून चालायचं. मतभेद झाला तर एकमेकांचे बदल उलटवत बसायचं नाही, चर्चा पानावर यायचं. इंग्रजी विकिपीडियावर तर 24 तासांत एकाच पानावरचे बदल तीनपेक्षा जास्त वेळा उलटवणाऱ्याला रोखलं जातं. मराठीत सातत्याने संपादन करणारी माणसं आधीच थोडी आहेत. नव्याने आलेला एक जण फटकळ उत्तरामुळे निघून गेला, तर अनेक लेख लिहायचे राहून जातात. म्हणून साचा लावताना सोबत दोन ओळींचं आपुलकीचं कारण लिहिणं, हे मी नियमाइतकंच आवश्यक मानते.

वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या गावाच्या इतिहासाची कागदपत्रं, एखाद्या चळवळीच्या, गिरणीच्या किंवा तमाशाच्या फडाच्या आठवणी तुमच्याकडे असतील, तर त्या साल, ठिकाण आणि नावांसह लिहून काढा आणि चांगल्या नियतकालिकात छापून आणा. त्यानंतर मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचा लेख उघडा. ज्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ असं लिहिलेलं दिसेल आणि ज्याचा आधार तुमच्या कपाटातल्या पुस्तकात असेल, तिथे त्या पुस्तकाचं नाव आणि पृष्ठ क्रमांक घाला. सुरुवातीला एवढं एक काम पुरेसं आहे.