पुन्हा तीच दुर्बीण

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. दोन महिने पोटातून नळी आणि कमरेला पित्ताची पिशवी, अशा थाटात लिहिणार तरी काय?

गेल्या जानेवारीत पित्ताशयात खडे निघाले. "दुर्बिणीतून काढू, दोन दिवसांत घरी," असं डॉक्टर म्हणाले. १९९० साली डॉ. तेहेमटन उदवाडियांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतातलं असं पहिलं ऑपरेशन केलं, तेव्हापासून ते आता घरोघरी झालंय. मी निर्धास्त होते. पण तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, ताप भरला. (आणि मी, जन्माची मास्तरीण, "गॅस असेल" म्हणून दिवसभर गप्प!) सोनोग्राफीत पोटात पित्त साचलेलं दिसलं. पित्ताशयाची नळी समजून यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिकाच कापली गेली होती. हजारात तीन-चार जणांना असं होतं म्हणे. हजारात तीन म्हणजे किती कमी, हे फळ्यावर शिकवायला सोपं.

डॉक्टर स्वतः आले, खुर्ची ओढून बसले. "बाई, नळी ओळखण्यात माझी चूक झाली. दुरुस्ती मी करणार नाही, ज्यांचा हात यात बसलाय त्यांच्याकडे पाठवतो." धाकटा कोर्टात जायचं म्हणत होता. मी नको म्हटलं. चूक कबूल करणाऱ्या पोराला मी कधी छडी मारली नाही. पण खरं सांगते, रात्री दोन वाजता पिशवी रिकामी करताना तोंडात शिव्या यायच्याच.

पुण्याच्या डॉक्टरांनी आतली सूज उतरेपर्यंत थांबवलं. मग आतड्याचा एक भाग वर ओढून यकृताजवळच्या नळीच्या तोंडाला टाक्यांनी जोडायचा. जोड इंग्रजी वाय अक्षरासारखा. रू नावाच्या स्विस सर्जनची जुनी युक्ती. आणि तेही दुर्बिणीतून!

"पोट उघडूनच करा ना हो," मी हात जोडले.

"तसंही करता येईल, तुम्ही ठरवा. दुर्बिणीत नळी मोठी दिसते, जखम लहान राहते. अडलंच तर पोट उघडूच."

रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे हे म्हणाले, "अगं, दोष दुर्बिणीचा नव्हता." मला राग आला, पण सही केली.

सहा तास लागले. जोड पुढे वर्षांनीही आकसू शकतो, म्हणून रक्ततपासण्या चालू राहतील. थंडी वाजून ताप आला किंवा अंगाला खाज सुटली तर लगेच सांगायचं, गप्प बसायचं नाही, असं बजावलंय.

काल पहिल्यांदा वरणभातावर तूप घेतलं. ह्यांनी चमचा मोजून वाढला.