दांड्याआधी जमीन

2 जुलै, चंद्रपूर
ताडोब्याचा कोअर कालपासून 30 सप्टेंबरपर्यंत बंद. जिप्सी गॅरेजला यायला लागल्या. आज एक ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, फोर-व्हीलचा दांडा निघूनच नाही राह्यला." मोहर्लीहून इथवर डांबरावर चारही चाकं लावून आला होता. गाडी सरळ थोडी मागे घ्यायला लावली. दांडा खटकन सुटला.

वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत, पुढच्या-मागच्या शाफ्टांच्या मधे वेगातला फरक पचवणारं डिफरन्शियल नाही. फोर-व्हील टाकलं की दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरणार. चिखलात चाक जरा घसरतं आणि फरक निघून जातो. डांबर घसरू देत नाही. मग सगळा पीळ शाफ्टांवर नि दातांवर चढतो, दांड्याने सरकणारी स्लीव्ह आवळली जाते. गाडी मागे घेतली की पीळ उतरतो.

4 जुलै
ट्रान्सफर उतरवून टेबलावर घेतली. जिप्सीत ती गिअरबॉक्सपासून वेगळी, मधे एक आखूड शाफ्ट. नव्या अनेक गाड्यांत आत चेन असते. इथे सगळे गिअर. नव्या पोराला खडूची खूण करून इनपुट हाताने फिरवायला लावलं. हायमध्ये इनपुटच्या 14 फेऱ्यांना मागच्या शाफ्टचे 10. लोमध्ये त्याच 10 साठी इनपुट जवळजवळ 23 वेळा फिरवावं लागलं. म्हणजे इंजिन तेवढंच फिरूनही चाक हायपेक्षा सावकाश, पण जोर 1.6 पट. उतारावरही लोमध्ये इंजिनच गाडी धरतं, ब्रेक तापत नाहीत. पोरगा बराच वेळ फिरवत बसला. पुस्तकातून हे असं हाताला लागत नाही.

5 जुलै
ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे पाणी शिरलेलं. तापलेली केस नाल्याच्या गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून पाणी ओढते. बेअरिंगांवर गंज चढायला लागला होता. सील बदलले, ब्रीदरची नळी उंच बांधली. नाला ओलांडून आलेल्या गाडीचं ऑइल तपासायला पावसाळा संपायची वाट पाहू नये.

16 जुलै, आलापल्ली
भामरागडच्या वाटेवर एक गाडी अडकली होती. फोर-व्हील लो टाकलेलं, तरी हलेना. पुढचं एक चाक खड्ड्यावर अधांतरी, मागचं एक चिखलात गरगर फिरतंय. ट्रान्सफर जोर दोन अ‍ॅक्सलांना देते. पण प्रत्येक अ‍ॅक्सलचं साधं डिफरन्शियल मोकळ्या चाकाला फिरू देतं, पकड असलेलं चाक जागच्या जागी. त्या दोन मोकळ्या चाकांखाली दगड आणि फांद्या भरल्या, लोच्या पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सलरेटर न दाबता हळूच क्लच सोडला. गाडी निघाली.

पुढे पर्लकोटा नदीला पूर. ड्रायव्हरने विचारलं, लो टाकून जाऊ का? ठाम नाही म्हटलं. वाहतं पाणी गाडीला उचलून ढकलतं. चाकाखाली जमीनच नसेल तर ट्रान्सफर जोर देणार कुठे?

18 जुलै, चंद्रपूर
सप्टेंबरात ताडोब्याच्या गेटवरच्या ड्रायव्हर पोरांना एक दिवस गॅरेजला बोलवायचं ठरवलं. शिकवायचं ते असं: 4H (फोर-व्हील हाय) चिखल-वाळू सुरू होण्याआधीच टाका, डांबर लागताच काढा. 4L (फोर-व्हील लो) गाडी पूर्ण थांबवूनच. आणि दोन्हीच्या आधी गाडीतून उतरून जमीन पाहा.