नावातच उत्तर आहे

हट्ट्यातल्या मित्राच्या मुलाने विचारलं, "चाचा, महदी आलेत म्हणतात, खरं का?" औरंगाबादेत बस्तान बसवलेल्या शकील बिन हनीफचा दावा त्याच्या कानावर आला होता. मूळ दरभंग्याचे हे गृहस्थ स्वतःला महदी आणि ईसा दोन्ही म्हणवतात. हदीसमध्ये मात्र या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. महदींच्या वडिलांचं नावही पैगंबरांच्या वडिलांचंच, म्हणजे अब्दुल्लाह, सांगितलंय. 'बिन हनीफ' या नावातच उत्तर आहे. मुलाला ते पटलं. मग म्हणाला, "मोठ्यांना विचारलं तर दटावतात." मी वरमलो. नुसते फतवे पुरणार नाहीत. प्रश्न विचारणाऱ्याला आपण हाकललं, तर त्याचं ऐकून घेणारा कुणीतरी बाहेर भेटतोच.